पोथी राहून गेली अन् पोट्टे काही जाईनात

पत्र (नाव-गाव काढून, थोडक्यात): यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून एका काकूंचं चार पानी पत्र आलंय. वय 61. मालक जाऊन दोन वर्षं झाली. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कपाशीचा वेचा सुरू झाला की मुलगा-सून सकाळीच वावरात जातात ते दिवे लागता येतात. काकूंच्या घरापुढं मोठं आंगण, कडूलिंबाची सावली, भरलेला माठ, त्यामुळं सहा-सात घरचे पोट्टे तिथंच. अंगणवाडी सुटली की लहाने, शाळा सुटली की मोठे. मालक गेल्यावर काकूंनी ठरवलं होतं की आता देवाचं करायचं, तीन दिवसांत पोथीचे 21 अध्याय. दोनदा पारायण मोडलं. तिसऱ्यांदा नवव्या अध्यायाला एक कंचा, म्हणजे गोटी, उडत आला आन् थेट समईला लागला. काकू उठल्या, ज्याचे कंचे होते त्या नऊ वर्षाच्या पोराचे सगळे कंचे जप्त केले आणि म्हणाल्या, "जाय, तुया वस्तीत खेळ." पोरगं गेलं ते बारा दिवस झाले आलं नाही.

मग एका सांजेला काकू ओट्यावर बसल्या होत्या, पोथी मांडीवर बंदच, आंगणात रेसटीप चालू होती. एक तीन वर्षाची पोरगी त्यात कच्चं लिंबू. ती झाडामागं लपायची अन् स्वतःच ओरडून सांगायची मी इथं आहे म्हणून, तरी राज्य असलेलं पोरगं तिला सोडून सगळीकडं शोधत फिरायचं. काकू लिहितात, "डोये कवा भरून आले समजलं नाही. पोथी वाचताना असं कधी झालं नाही." हे भजनी मंडळातल्या एका बाईला सांगितलं तर ती म्हणाली हा मोह आहे, उतारवयात लेकराइतून मन काढाव लागते. मुलगा म्हणतो आंगणाला तारेचं कुंपण करून गेट लावतो. काकूंचा प्रश्न असा, की पोरांच्या खेळात मन रमतं हा मोह आहे का, आणि गेट लावू का. जाता जाता एक ओळ, "त्या पोरासाठी एक वेगळा गिलास ठेवला होता, कोणी नाव ठेवू नये म्हणून. पण पाण्याले कधी नाही म्हटलं नाही."

उत्तर:

काकू, राम राम.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे तर सोपं आहे, लिहून टाकावं की लेकरं म्हणजे देवाघरची फुलं, पोथी राहू द्या बाजूला, आनंदात राहा. दुसऱ्यांदा वाचलं आणि त्या गिलासाच्या ओळीवर अडकले. त्याच्याकडं येते, आधी मोहाचं बोलू, कारण ते तुम्हाला जास्त टोचतंय असं दिसतं.

आणि फुलांचं म्हणाल तर मी 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, मला नका सांगू. फुलं चावत नाहीत. फुलं एकमेकांच्या दप्तरात बेडूक टाकत नाहीत. पोट्टे खोटं बोलतात, चिडवतात, गोट्यांत लबाडी करतात आणि दुसऱ्या मिनिटाला गळ्यात हात घालून फिरतात. त्यांच्यात देव दिसायला ते देवासारखे वागायला पाहिजेत असं काही नाही, तुम्हीही त्या सांजेला कोणाचं शहाणपण पाहून रडल्या नाहीत.

बरं, मोह. तुमच्या मंडळातल्या बाईंचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. नातवाच्या पायी सुनेशी भांडणाऱ्या, त्याला ताप आला की गावच्या दुसऱ्या लेकरांना शिव्या घालणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, माझी स्वतःची आजी त्यातलीच होती. मोहाची एक खूण असते, तो आपलं-परकं करतो. माझा नातू, माझं लेकरू, त्याला आधी. पण तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय की त्या दिवशी तुमचा नातू मामाच्या गावी गेला होता. म्हणजे तुमच्या आंगणात त्या वेळी तुमचं रक्ताचं एकही लेकरू नव्हतं. जी पोरगी पाहून तुम्हाला भरून आलं ती शेजारच्या मजुराची, आणि जो तिला न पाहिल्यासारखं करत होता तो तिसऱ्याच घरचा. मग हा मोह कोणाचा? मला तर हे मोहाच्या उलट वाटतं, घडीभर "माझं" विसरायला झालं म्हणून पाणी आलं. पोथी हेच तर सांगते नं, फक्त ती वाचताना आपलं लक्ष अर्धं किती अध्याय राहिले याच्यावर असतं. माझं तरी असतं बाई.

आता त्या कच्च्या लिंबाकडं जरा थांबून पाहा. आपण सगळे खेळलो तसं, म्हणून त्याचं काही वाटत नाही. लहान भाऊ-बहीण कडेवर घेऊन आलेली पोरगी खेळायला येते, त्या बारक्याला खेळवल्याशिवाय ती खेळू शकत नाही, मग पोरं काय करतात, त्याला बाहेर बसवत नाहीत आणि आऊटही करत नाहीत. ते खेळतं, पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्या मास्तरानं शिकवलेला नाही, कोण्या पुस्तकात लिहिलेला नाही, पोट्ट्यांनीच केला आणि पोट्टेच पुढच्यांना देत आले. आठ वर्षाचं पोरगं, जे दोन मिनिटाआधी एका कंच्यासाठी जीव घ्यायला उठलं होतं, तेच हरायला तयार होतं कारण समोर तीन वर्षाची पोर आहे.

तुमच्या गावात सप्ताह होत असेलच. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. त्यात पेंद्या येतो, कृष्णाचा लंगडा, बोबडा सवंगडी, गाई राखायला सगळ्यांच्या मागून जाणारा. कीर्तनकार त्याचं बोबडं बोलणं करून दाखवतात, सगळे हसतात, आपणही हसतो. पण विचार करून पाहा, देवाच्या गोष्टीत त्याला घेतलाच काऊन? खेळात ज्याचा काही उपयोग नाही, पळता येत नाही, त्याच्यावाचून खेळ मात्र सुरू होत नाही. पेंद्या म्हणजे गोपाळांचं कच्चं लिंबूच की. आणि मग काला. ज्यानं त्यानं घरून आणलेली शिदोरी, कोणाची दही-पोळी कोणाची शिळी भाकर, सगळी एकात कालवायची आणि त्याच्यातून सगळ्यांनी खायची. कोणाचा घास कोणता ते ओळखू येऊ नये म्हणूनच कालवायचं. आपण वर्षातून एकदा हंडी फोडून हातावर प्रसाद घेतो आणि हात पुसून घरी येतो, तुमच्या आंगणात तो रोज चार वाजता होतो. एकाच्या खिशातले फुटाणे, दुसरीच्या ओढणीतली बोरं, चिंच, अर्धा बिस्कीटपुडा, हे कसं वाटून खातात ते पाहता नं तुम्ही?

आपल्याकडं हे आधी गावालाच कळत होतं, म्हणून तर लेकरांच्या खेळाला सणात जागा दिली. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो पोरांसाठी सुरू केला असं सांगतात. लाकडाचा नंदी दोरीनं ओढत चार वर्षाचं पोरगं दारात उभं राहतं आणि घरची बाई खऱ्या बैलाला ओवाळावं तसं त्या चाकावरच्या बैलाला ओवाळते, पोराला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देते, कोणी म्हणत नाही की हा काय खेळण्यातला बैल आहे. मोठी माणसं त्या दिवशी लेकराच्या खेळात शिरतात आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही. भुलाबाईचं तसंच. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि मग खिरापत ओळखायची. डब्यावर झाकण, आत काय ते घरच्या बाईला माहीत. पोरी नावं घेत सुटायच्या, गोड का तिखट, भिजलेलं का कोरडं. माझी आई एका वर्षी मुद्दाम उकडलेल्या शेंगा ठेवून बसली होती, तासभर कोणाला ओळखू आलं नाही, आणि ती जी हसली होती तशी मी तिला पुन्हा फार कमी वेळा पाहिली. आठ माणसांचा स्वयंपाक, वावर, सासू, सगळं करून या बाईला पोरींना फसवायला वेळ होता. तुम्हाला वेगळं काही शोधायचं नाही काकू, तुम्ही ज्या गावात वाढल्या तिथं हे होतंच.

मुलाच्या गेटचं. नका लावू. आता दुसरं ऐका, कारण इथवर वाचून तुम्हाला वाटेल ही बाई मला लेकरांच्या पायी बसवून ठेवते. सात घरचे पोट्टे एका 61 वर्षाच्या बाईच्या जिवावर रोज चार-पाच तास, हे खरं तर पूर्ण गावाचं काम आहे, आणि त्यातलं अर्धं तुम्ही एकट्या करताय. वेचणीला गेलेल्या बाया बिनघोर कापूस वेचतात कारण तुम्ही ओट्यावर आहात, हे त्यांना माहीत आहे, पण कोणी बोलून दाखवलं का? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांना हेच दिसलं की गरिबाची लेकरं शाळेपर्यंत येत नाहीत, मग शाळाच त्यांच्या आंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची योजना आली 1975 साली. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो, पण मुळात ते कोणाचं तरी आंगण होतं आणि कोणीतरी तिथं बसलेलं होतं. ते बसणं हे काम आहे. तुमच्याकडं वावरात जागलीला जातात नं, रानडुकरं-रोही येऊ नये म्हणून मचाणावर रात्र काढतात, कोणी म्हणत नाही की रिकामा बसला होता. तुमचं ओट्यावरचं बसणं तसलीच जागल आहे, फक्त दिवसाची.

म्हणून त्या बायांना सांगा, रागानं नको, असंच एखाद्या सांजेला. एकीनं सकाळी वावरात जाताना दोन घागरी पाणी माठात टाकून जावं. एकीनं आठवड्याचे मुरमुरे-फुटाणे द्यावे. आणि पारावर पत्ते कुटणारे म्हातारे आहेतच की तुमच्याही गावात, प्रत्येक गावात असतात, त्यातल्या एकाला हप्त्यातून दोन दिवस आंगणात खुर्ची टाकून बसवा, पत्ते इथंही कुटता येतात. हे सांगताना मला हसू येतंय कारण तो म्हातारा तिसऱ्या दिवशी पोरांना पत्ते शिकवेल, पण तेवढं चालवून घ्या.

जागल करणाऱ्यानं पाहायचं काय, तर खेळ नाही, खेळाच्या भोवतीचं पाहायचं. तुमच्याकडं विहिरीला कठडा नाही असं लिहिलंय, कुंपणाचे पैसे मुलानं तिकडं लावावे, ती तार तिथंच लागते. दुसरं, पोरं लगोरीला किंवा स्टम्पला जे डबे उभे करतात ते कशाचे आहेत ते उचलून पाहा. कपाशीच्या गावात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पोरांच्या हाती लागतात, मी शाळेच्या मैदानात स्वतः पाहिलेत, त्यावरची लाल-पिवळी खूण पोरांना आवडते. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषानं किती घरं बसली ते तुम्हाला मी काय सांगू. डबे आणि फवारणीचा पंप कुलपात. तिसरं, घरात कापसाचा ढीग पडला की पोरं त्याच्यात उड्या मारणार, आपणही मारल्यात, नाकातोंडात कापूस जाईस्तोवर, पण ढिगात खोल शिरून लपायचं नाही आणि चूल-बिडी त्या खोलीत नाही, एवढं सांगून ठेवा. खाज सुटली तर सुटू द्या.

बाकी खेळात पडू नका. ही माझी चूक होती म्हणून सांगते. एका वर्षी मला वाटलं पोरांच्या खेळातून संस्कार व्हावेत, मी खेळाच्या तासाला दर डावाआधी एक श्लोक लावला, हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला नमस्कार करायचा, असलं काय काय. आठ दिवसांत पोरं खेळाच्या तासाला संडासला जाऊ लागली. सगळीच. श्लोक बंद केला तेव्हा पोटं बरी झाली. तुमचा पण तो विचार दिसतो पत्रात, की रोज खेळाआधी पाच मिनिटं नाम घ्यायला लावू का म्हणजे माझंही होईल. नका. संध्याकाळी तुमच्या गावात गुरुदेव मंडळाची प्रार्थना होते, तुम्ही जाता, ज्या पोराला तुमच्या मागं यायचं ते येईल. तुकडोजी महाराजांनी ती सामुदायिक ठेवली, म्हणजे एकत्र बसायची, कोणाला ओढून बसवायची नाही.

पोथीचं सोपं आहे. तीन दिवसांत 21 हा हट्ट कशासाठी? रोज एक अध्याय, 21 दिवस. पहाटे सडा टाकायच्या आधी, पोरं उठलेली नसतात, कंचे पण उठलेले नसतात. देव कुठं घड्याळ लावून बसलाय. मालक असताना तुम्ही पहाटे चारला उठत होत्या, हे तुम्हीच लिहिलंय, आता ती चार वाजताची वेळ कोणी मागत नाही म्हणून ती रिकामी आहे आणि मला वाटतं तीच तुम्हाला खायला उठते. दुपारचा कल्ला मला वाटतं तुम्हाला तेवढा जड नाही, जड ती पहाट आहे. पोथी तिथं ठेवा.

आता गिलास.

काकू, मी तुम्हाला वाईट समजत नाही. ज्या बाईनं हे न लपवता लिहिलं तिला वाईट कसं म्हणू, बाकीच्या लिहीतही नाहीत. तुम्ही म्हणता कोणी नाव ठेवू नये म्हणून. कोण ठेवणार होतं नाव? मालक नाहीत, सून तर तुम्हीच लिहिता की नव्या विचाराची आहे, शेजारच्या बाया वावरात. नाव ठेवणारं माणूस बहुतेक आपल्याच आत बसलेलं असतं आणि आपण त्याला गाव म्हणतो. कायद्याचं सांगायचं तर 1950 पासून संविधानानं ही शिवाशिव बंद केलीय, पण मी तुम्हाला कायदा सांगायला नाही बसले. मी फक्त त्या पोराच्या जागी उभी राहून पाहते. दुपार आहे, सात जण धावून घामाघूम झालेत, सगळे माठाकडं पळतात, सहा जण एकच गडवा वरून तोंडात ओततात, धक्काबुक्की, पाणी सांडतं, हसतात. आणि एक जण खिडकीच्या कोनाड्यातला आपला गिलास काढतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही, पहिल्याच दिवशी कळलं असेल. नऊ वर्षाच्या पोराला सगळं कळतं. तीन वर्षाच्या पोरीसाठी ज्यांनी खेळाचा नियम वाकवला त्या पोरांना तुमच्या कोनाड्याचा नियम मात्र वाकवता आला नाही, कारण तो त्यांचा नव्हताच, तो मोठ्यांचा होता. आणि उद्या तेच पोट्टे हा नियम पाठ करतील, जसं कच्चं लिंबू पाठ केलं.

म्हणून मला वाटतं ते पोरगं कंच्यांच्या रागानं गेलं नाही. कंचे जप्त झालेलं पोर दुसऱ्या दिवशी हात जोडून दारात येतं, दहा वेळा पाहिलंय मी. "तुया वस्तीत" हे ऐकून गेलंय ते.

जाऊन या त्याच्या घरी. उद्याच. कोणाच्या हाती निरोप नको, प्रसाद घेऊन तर अजिबात नको, त्यानं तुम्ही देणाऱ्या होता आणि ते घेणारं होतं. रिकाम्या हातानं जा, त्याच्या माईला वेचणीहून यायला संध्याकाळ होत असेल तर तेव्हा जा, म्हणा माझ्या तोंडून चुकीचं गेलं. तिथं चहा देतील, प्या. पाणी देतील, ते आधी प्या. पोरगं कदाचित तुमच्याकडं पाहणार नाही, आईच्या मागं लपेल किंवा बाहेर निघून जाईल, त्याला लगेच माफ करायची सक्ती नाही. आठ-पंधरा दिवस लागू द्या. आणि तो गिलास घरात बाकीच्या गिलासांत मिसळून टाका, फेकू नका, पाहुणे आले की त्याच्यात चहा द्या, स्वतः प्या, महिन्याभरानं कोणता होता ते तुम्हालाही ओळखू येऊ नये.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 1956 ला गेले ते, तुमच्या गावात त्या दिवशी झाडू निघत असेल. यावर्षी आंगण सगळ्या पोरांकडून झाडून घ्या, दोन्ही वस्त्यांच्या. झाडून झालं की खेळतीलच, त्यांना सांगावं लागत नाही.

आणि हो, ते कंचे. देवघराच्या फडताळात रुमालात बांधून ठेवलेत असं लिहिलंय. जाताना तेवढे मात्र घेऊन जा, ते त्याचेच आहेत. आधी घरी मोजून घ्या बरं, त्याचा आकडा त्याला पाठ असणार, आणि एक जो समईखाली गेला होता तो काढून घ्या वाकून.